मशीन बंद कसं झालं होतं?

उंद्रीसारख्या गावात गवत कापायच्या मशीनला वर्षातून जेमतेम तीन-चार महिने काम असतं. चिखली तालुक्यातला हा भाग सोयाबीनचा. मृगाच्या पावसावर पेरण्या उरकतात आणि आषाढ-श्रावणात धुऱ्यांवरचं, पांदणीतलं, शाळेच्या पटांगणातलं गवत सगळं एकदमच कमरेला लागतं. तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यातून किंवा टिनाच्या शेडमधून मशीन बाहेर निघतं. दोरी ओढली जाते, पुन्हा ओढली जाते, चोक पुढे-मागे होतो, कुणीतरी प्लग काढून फडक्याने पुसतो, दुसरा कुणी 'कार्बोरेटर गेलाय' असं सांगून मोकळा होतो, आणि मशीन टेम्पोत पडून चिखलीला नाहीतर खामगावला जातं. या पुस्तिकेत पुढे जे काही सांगितलं आहे ते या घाईच्या निकालाविरुद्ध आहे. सुरू न होणाऱ्या मशीनचा तपास त्याला हात लावून, उघडून सुरू करू नये. ते शेवटचं कधी आणि कसं बंद झालं होतं, इथून सुरू करावा, असं माझं म्हणणं आहे. हे म्हणणं वरवर फार साधं दिसतं. पण ते मान्य केलं की दुरुस्तीचा सगळा क्रमच उलटा होतो, आणि बऱ्याचदा टेम्पोचं भाडंही वाचतं.

आधी मशीन म्हणजे कोणतं, ते ठरवून घेऊ. दोन्ही हातांनी दांडा धरून ढकलायचं, चार चाकांचं, खाली पातं फिरणारं यंत्र ही मूळची हिरवळीसाठीची वस्तू. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग नावाच्या माणसाने १८३० साली तिच्या मूळ रूपाचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव भादरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती, आणि त्याच्या यंत्राला इंजिन नव्हतं. आपल्याकडे हिरवळ होती ती साहेबाच्या बंगल्यापुढे आणि जिमखान्यावर. आजही बुलढाणा जिल्ह्यात ढकलायचं मशीन दिसेल ते एखाद्या शाळा-महाविद्यालयात, विश्रामगृहात किंवा मोठ्या संस्थेच्या बागेत. शेतात दिसतं ते खांद्यावर पट्टा अडकवून चालवायचं ग्रास कटर, आणि त्याच्याच नात्यातले फवारणीचा पेट्रोल पंप आणि पॉवर वीडर. ही नावं वेगळी, कामं वेगळी, पण सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट आहे: दोरी ओढून सुरू होणारं, एका सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन. ढकलायच्या मशीनचं इंजिन बहुधा फोर स्ट्रोक असतं, खांद्यावरचं टू स्ट्रोक किंवा फोर स्ट्रोक. २०१४-१५ पासून चालू असलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानामुळे आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या अनुदानाच्या अर्जांमुळे अशी इंजिनं गावोगाव पोचली. इंजिन पोचलं, त्याच्या दुरुस्तीची सोय मात्र तालुक्याच्या गावीच राहिली. म्हणून ढकलायच्या मशीनबद्दल जे लिहिलं आहे ते थोड्या फरकाने या सगळ्यांना लागू आहे, आणि जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

आता मूळ मुद्दा. इंजिन सुरू व्हायला फार थोड्या गोष्टी लागतात. हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल सिलिंडरमध्ये यायला हवं, ते दाबलं जायला हवं, आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडायला हवी. दिवाळीच्या सुमाराला मशीन व्यवस्थित चालत होतं, काम संपल्यावर कुणीतरी बटण दाबून ते बंद केलं आणि ठेवून दिलं, एवढं नक्की असेल तर या तिन्ही गोष्टी त्या दिवशी जागेवर होत्या. नुसतं ठेवलेलं मशीन झिजत नाही. पिस्टनची रिंग गोठ्यात पडल्या पडल्या घासली जात नाही, क्रँक वाकत नाही. कॉइल बसल्या बसल्या जळाल्याची उदाहरणं अगदी विरळा. मग त्या आठ महिन्यांत काय बदललं असेल? बदलतं ते पेट्रोल. त्याच्या संगतीने रबराची नळी आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. एअर फिल्टरच्या पेटीत उंदीर घर करतो, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचा बुच बसवते, मॅग्नेटवर गंज चढतो. ही यादी इथे जवळजवळ संपते, आणि तिच्यात पेट्रोल इतकं पुढे आहे की बाकीचे उमेदवार नंतर पाहिले तरी चालतं. उलट, मशीन चालता चालता, पातं दगडाला लागून बंद पडलं असेल तर ही यादी बाजूला ठेवावी. एकाच मशीनचं, एकच लक्षण, पण दोन वेगळे इतिहास. आणि दोन्हींचा तपास वेगळ्या टोकापासून व्हायला हवा. आज दोरी ओढून जे कळतं त्याहून जास्त हा इतिहास सांगतो.

पेट्रोल शिळं होतं हे ऐकल्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जमिनीवर ओतून काडी लावली तर ते भडकन पेटतंय, मग शिळं कसं? (हा प्रयोग कुणी करू नये, हे वेगळं सांगायला नको.) पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले हलके भाग लगेच वाफ होतात, आणि थंड इंजिनात पहिल्या ठिणगीला पेट घेतात ते हेच. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. त्यातून वैशाखात टिनाच्या शेडखाली आधी हेच हलके भाग उडून जातात. मागे उरतं ते काडीने पेटतं, गरम इंजिनात जळतंही, पण थंड इंजिनाला सुरू करत नाही. दुसरा बदल डोळ्यांना दिसतो. ढकलायच्या मशीनच्या कार्बोरेटरला बहुधा खाली एक छोटी वाटी असते, एका बोल्टवर अडकवलेली. तो बोल्ट सोडून वाटी खाली घेतली की आठ महिने पडलेल्या मशीनमध्ये अनेकदा पेट्रोल नसतंच. तळाला गुळाच्या काकवीसारखा पिवळट-तपकिरी थर असतो आणि त्याला जुन्या वार्निशचा आंबूस वास येतो. पेट्रोलमधले काही घटक हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू जोडले जाऊन हा डिंक तयार होतो. वर मधोमध पितळी जेट असतो, त्याचं छिद्र मिलिमीटरहूनही बारीक. डिंकाचा एक ठिपका तिथे बसला की पुढचं सगळं थांबतं. वायरमधली तांब्याची एक तार काढून ते छिद्र मोकळं करता येतं. सुई किंवा पिन मात्र घालू नये, कारण पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि मग मशीन धूर ओकत चालतं. एवढं करायला एक पाना, एक पेचकस आणि स्वच्छ फडकं पुरतं. 'कार्बोरेटर गेला' म्हणून जे कार्बोरेटर फेकले जातात त्यातल्या पुष्कळांना एवढंच झालेलं असतं.

टू स्ट्रोक मशीनमध्ये आणखी एक गंमत घडते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यात पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलेलं असतं. चांगल्या टू-टी ऑईलला पन्नासास एक हे प्रमाण धरलं तर लिटरला २० मिली. टाकीत उरलेल्या मिश्रणातलं पेट्रोल उडतं, ऑईल उडत नाही. लिटरातलं अर्धं उडालं की तेच २० मिली ऑईल अर्ध्या लिटरात राहतं, म्हणजे प्रमाण पंचविसास एक झालं, कुणी न मिसळता. मग आषाढात प्लग काढला की तो काळा, ओला, चिकट निघतो आणि दोष ऑईलवाल्या दुकानदाराला जातो. त्यात 'थोडं जास्त ऑईल घातलेलं इंजिनाला बरं' ही समजूत गावोगाव पक्की आहे. ती बरोबर नाही. जास्तीचं ऑईल प्लगवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर काजळी धरतं, आणि जाळी बुजली की मशीन सुरू झालं तरी दम धरत नाही. अर्थात ऑईलच न घालता नुसतं पेट्रोल ओतणं याहून शंभर पटीने वाईट. तिथे पिस्टन सिलिंडरला चिकटतो, आणि त्यावर ही पुस्तिका काहीच करू शकत नाही.

हल्ली या सगळ्याचं खापर इथेनॉलवर फोडायची पद्धत पडली आहे. त्यात तथ्य आहे, पण म्हटलं जातं तेवढं नाही. देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आलं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं मिश्रण निवडक पंपांवर मिळू लागलं आणि २०२५ मध्ये ते सर्वदूर झालं. अनेक छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि कार्बोरेटरची नळी तर तळातूनच निघते. जुन्या प्रकारच्या रबराला इथेनॉल फुगवतं किंवा ठिसूळ करतं. शिवाय एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९. म्हणजे जुन्या जेटवर नवं मिश्रण थोडं पातळ पडतं आणि थंड मशीनला चोक जरा जास्त वेळ द्यावा लागतो. इथपर्यंत तक्रार खरी. पण डिंक इथेनॉल येण्याआधीही होत होता, हलके भाग तेव्हाही उडत होते, आणि मिश्रणात इथेनॉल जितकं जास्त तितकं पाणी वेगळं न बसता पोटात राहायची क्षमताही जास्त, ही बाजू कुणी सांगत नाही. ताज्या पेट्रोलवर रोज चालणारं मशीन इथेनॉलमुळे बंद राहिल्याचं क्वचितच दिसतं. पडून राहिलेलं दिसतं. इथेनॉलने पडून राहण्याची शिक्षा वाढवली, एवढं म्हणणं जास्त न्यायाचं होईल.

इतिहास विचारून झाला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं, तरी मशीन गप्प असेल तर पुढे काय? इथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की तपास संपला. लोक प्लग नवा टाकतात, फिल्टर धुतात, जेट फुंकतात, स्क्रू फिरवतात, हे सगळं एका झटक्यात. मशीन सुरू झालं तर कशाने ते कळत नाही, आणि नाही झालं तर आता स्क्रूही जागेवरून हललेला असतो. त्याऐवजी प्लगला बोलू द्यावं. चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढायची आणि प्लग काढून बघायचा. तो कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. ठिणगीकडे बघायची आत्ता गरजच नाही, टाकीच्या कॉकपासून जेटपर्यंतची वाट तपासायची. ओला असेल तर पेट्रोल येतंय, बहुधा नको तितकं, म्हणजे मशीन ओव्हर झालंय. अशा वेळी चोक उघडून, प्लग काढलेला ठेवूनच दहाएक वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल उडू द्यायचं आणि मग ठिणगी तपासायची. कोरड्या प्लगची खात्री आणखी एका प्रयोगाने होते: प्लगच्या भोकातून चमचाभरापेक्षाही कमी ताजं पेट्रोल आत सोडायचं, प्लग घट्ट बसवायचा, सांडलेलं पुसायचं आणि दोरी ओढायची. मशीन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं तर ठिणगी ठीक आहे, दाबही ठीक आहे, आणि दोष पेट्रोलच्या वाटेतच आहे. निम्म्याहून जास्त इंजिन एका ओढीत निर्दोष ठरतं. इतकी स्वस्त आणि इतकं सांगणारी दुसरी चाचणी या यंत्रात नाही.

ठिणगीच्या बाजूला माणसं अडकतात ती बहुधा फुकटच्या कारणांनी. ढकलायच्या मशीनच्या दांड्यावर एक आडवी कडी असते, ती हाताने दाबून धरली नाही तर ठिणगी मुद्दामच तोडलेली असते. सोडून दिलेलं मशीन पातं फिरवत पळू नये म्हणून केलेली ही सोय आहे. काही फोर स्ट्रोक इंजिनांत ऑईल कमी झालं की ठिणगी आपोआप बंद होते, आणि उतारावर मशीन तिरकं उभं असलं तरी तिला ऑईल कमी वाटतं. ग्रास कटरच्या दांड्यातून जाणारी बंद-चालू बटणाची वायर कुठे तरी सोलवटून पाइपला टेकते. ती वायर इंजिनापाशी सोडवून ठिणगी आली तर कॉइल निर्दोष आणि बटण किंवा त्याची वायर दोषी. प्लगच्या टोकांमधलं अंतर साधारण ०.७ मिमी असावं. ठिणगी बघताना प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं, पण प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब. आणि ढकलायच्या मशीनच्या पात्याखाली हात घालायचा तर त्याआधी प्लगची टोपी काढूनच, मशीन बंद आहे याची कितीही खात्री असली तरी. हात लागून पातं अर्धा फेरा फिरलं तरी इंजिन पेट घेऊ शकतं.

इथे पुन्हा इतिहासाकडे यावं लागतं, कारण ठिणगीचे दोन दोष असे आहेत की ते फक्त इतिहासातूनच ओळखू येतात. थंड असताना पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू होणारं, अर्ध्या तासाने बंद पडणारं आणि निवल्यावर पुन्हा सुरू होणारं मशीन हे तापल्यावर हार खाणाऱ्या कॉइलचं लक्षण आहे. ते मशीन गॅरेजमध्ये पोचेपर्यंत निवतं, तिथे झकास सुरू होतं आणि मालक खोटा ठरतो. (झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तरी असंच होतं, बंद पडल्या क्षणी झाकण सैल करून बघितलं की दोन्हींतला फरक कळतो.) दुसरा दोष दगडाचा. ढकलायच्या मशीनचं पातं थेट क्रँकच्या टोकावर बसवलेलं असतं. मुरमाच्या पटांगणावर गवतात लपलेल्या दगडाला ते आपटलं की पातं जागीच थांबतं, वरचं जड मॅग्नेटचं चाक मात्र फिरत राहू पाहतं, आणि चाकाला क्रँकशी जोडणारी मऊ धातूची चावी थोडीशी सरकते. क्रँक वाचावा म्हणूनच ती मऊ केलेली असते. त्यानंतर ठिणगी येते, पेट्रोल येतं, दाबही लागतो, पण ठिणगी चुकीच्या क्षणी येते. दोरी हाताला उलटा झटका देते किंवा सायलेन्सरमधून बार निघतो. इथे कार्बोरेटर दहा वेळा धुतला तरी व्यर्थ. 'दगडाला लागून बंद पडलं' हे एक वाक्य मिस्त्रीला सांगितलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि ते वाक्य सांगायचं सहसा राहूनच जातं, कारण मशीन चालवणारा एक असतो आणि गॅरेजला नेणारा दुसरा.

मिस्त्रीचं काम मिस्त्रीने करावं, शेतकऱ्याने कशाला हात काळे करावेत, असं कुणी म्हणेल. पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह यांच्याबाबतीत मी ते पूर्ण मान्य करतो. पण ऐन हंगामात गॅरेजच्या दारात मशीनांची रांग लागलेली असते, आणि रांगेमुळे घाईत असलेला मिस्त्रीही स्वाभाविकपणे तपासापेक्षा बदलण्याकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे इतिहास पोचलेलाच नसतो. याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: नवा कार्बोरेटर आता इतका स्वस्त मिळतो की साफ करण्यात वेळ घालवण्यापेक्षा बदललेला बरा. टू स्ट्रोक ग्रास कटरच्या पडद्याच्या कार्बोरेटरपुरता हा हिशेब कधी कधी बरोबरही असतो; पडदा कडक झाला असेल आणि त्याचा संच सुटा मिळत नसेल तर बदलावंच. पण तो बदल तपासानंतरचा हवा. टाकीत गंज आणि कचरा तसाच असेल तर नवा कार्बोरेटर पंधरा दिवसांत जुन्यासारखा होतो, आणि मूळ दोष बटणाच्या वायरीचा असेल तर नवा कार्बोरेटर बसवूनही मशीन गप्पच राहतं. बॅटरीवरच्या मशीनने हा सगळा प्रश्नच मिटेल असंही म्हटलं जातं. घरापुढच्या हिरवळीपुरतं ते खरं आहे. दिवसभर धुरे साफ करायचे तर शेतात बॅटरी पुन्हा भरायची कुठे, हा प्रश्न उरतो, आणि गावात आज असलेली पेट्रोल इंजिनं तोवर काही भंगारात जाणार नाहीत.

या विचारामुळे पुस्तिकेची मांडणी थोडी विचित्र झाली आहे. पहिलं प्रकरण मशीन सुरू करण्याचं नाही, दिवाळीत ते ठेवून देण्याचं आहे: टाकी रिकामी करणं, पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणं म्हणजे वाटीतलं पेट्रोलही संपेल, एअर फिल्टर झटकणं, सायलेन्सरच्या तोंडाला फडकं कोंबणं आणि ते काढायची आठवण म्हणून दोरीच्या मुठीला चिंधी बांधणं. त्यानंतर पेट्रोलची प्रकरणं येतात, मग ठिणगीची. दाबाचं प्रकरण सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत छोटं आहे. दोरी अगदी हलकी ओढली जात असेल किंवा मुळीच हलत नसेल, तर ते एवढंच सांगतं की पात्याभोवती गवत गुंडाळलेलं नाही ना ते बघा आणि नसेल तर गॅरेज गाठा. शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता दिला आहे. तो कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या दांड्याला बांधायचा आहे. त्यात तीनच रकाने आहेत: पेट्रोल कधी भरलं, ऑईल किती घातलं, आणि मशीन बटणाने बंद केलं की आपोआप बंद पडलं.